श्वास, भय आणि आखाडा



पांचगणीला लोक येतात ते थंड हवेसाठीं. समुद्रसपाटीपासून सुमारें १,३०० मीटर उंचीवरचें हें गांव; त्याच्याही वर जांभ्या दगडाचें विस्तीर्ण पठार. त्या पठाराकडे जाणाऱ्या चढणीवर मीं एक गोष्ट अनेकदां पाहिली आहे. खालून आलेला मनुष्य थोड्याच अंतरांत बोलणें थांबवितो, खांदे कानांकडे ओढतो, मुठी आवळतो आणि तोंडानें धापा टाकूं लागतो. चढण चढावयाची ती पायांनीं. खांद्यांना व मुठींना तेथें कांहींच काम नाहीं. परंतु श्वास बिघडला कीं सारें शरीर विनाकारण ताठरतें. आजच्या माझ्या विषयाचें बीज या साध्या दृश्यांत आहे.

मी शाळामास्तर होतों. दिवसा गणित शिकवावें आणि सायंकाळीं मुलांना मलखांबावर चढवावें, हा माझा क्रम. एके दिवशीं दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा खांबावर उलटा झाला आणि तेथेंच थिजला. मांड्यांची मिठी इतकी घट्ट कीं, त्याला उतरतां येईना. डोळे विस्फारलेले, श्वास कोंडलेला. मी खालून हात देऊन "भिऊं नकोस, भिऊं नकोस" असें ओरडत होतों, आणि माझ्या प्रत्येक ओरडण्यासरशीं त्याची मिठी अधिकच आवळत होती. जवळ एक वृद्ध वस्ताद उभे होते. ते शांतपणें म्हणाले, "मास्तर, भिऊं नको म्हणून कुणाचं भय गेलंय? त्याला पाढा म्हणायला लावा."

मला तें चमत्कारिक वाटलें. पण मीं "बे एके बे" सुरू केलें. मुलानें क्षीण आवाजांत साथ दिली. "बे पंचे दहा"पर्यंत त्याचा स्वर मोकळा झाला, आणि पाढा संपण्यापूर्वींच मिठी सैल करीत, माझ्या हातांच्या आधारानें, तो खालीं आला.

असें कां व्हावें? भय वाटतांच मूत्रपिंडांवरच्या लहानशा ग्रंथी ॲड्रिनॅलिन नांवाचा रस रक्तांत सोडतात. हृदय जोरानें धडधडतें, स्नायू ताणले जातात, श्वास उथळ होतो किंवा क्षणभर अडतो. पळण्यासाठीं वा झुंजण्यासाठीं निसर्गानें केलेली ही तयारी आहे. तिची लाज वाटण्याचें कारण नाहीं. मात्र हृदयाला "हळू चाल" अशी आज्ञा केली तर तें ऐकत नाहीं. श्वासाचें तसें नाहीं. तो आपल्या नकळत चालतो, आणि मनांत आणल्यास आपलें ऐकतोही. उच्छ्वास लांबविला कीं मेंदूपासून हृदयापर्यंत गेलेल्या व्हेगस नांवाच्या मज्जातंतूच्या द्वारें हृदयाची गति मंदावते. पाढा मोठ्यानें म्हणणें म्हणजे लांब उच्छ्वास टाकणेंच होय. वस्तादांनीं मुलाच्या भयाशीं वाद घातला नाहीं. त्याचा कोंडलेला श्वास तेवढा मोकळा केला.

रशियांत 'सिस्टेमा' नांवाची एक युद्धविद्या आहे. तिचे एक शिक्षक व्लादिमिर वासिलिएव यांनीं १९९३ सालीं कॅनडांतील टोरांटो येथें शाळा काढली, आणि तेथून ती अनेक देशांत पोहोंचली. तिचा पहिला धडा ठोसा नव्हे, श्वास. नाकानें घ्यावा, तोंडानें सोडावा, आणि हालचालीच्या कोणत्याही क्षणीं अडूं देऊं नये. शिष्य आपल्या दंडासारखाच व्यायाम अत्यंत सावकाश करतात. एकेक अवयव मुद्दाम आवळून सैल सोडतात. जमिनीवर पडण्याचा सराव करतात. आणि सोबत्याचा हलका ठोसा अंगावर घेऊन उच्छ्वासाबरोबर तो ताण बाहेर टाकतात. भय थोडथोडें, सोसेल एवढेंच द्यावयाचें, अशी ही रीत आहे.

आपल्या आखाड्याला हें परकें वाटूं नये. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधरांनीं मलखांब पुन्हां प्रचारांत आणला. एरंडेल लावलेल्या त्या गुळगुळीत खांबावर नुसत्या ताकदीनें फार वेळ टिकतां येत नाहीं. कोठें आवळावें आणि कोठें सोडावें, हें कळावें लागतें. कुस्तींतही तेंच. ताठरलेला हात म्हणजे प्रतिपक्षाच्या हातीं आपण होऊन दिलेली पहारच. बडोद्याच्या आखाड्यांत प्रो. माणिकराव यांच्यापाशीं व्यायाम शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे पुढें स्वामी कुवलयानंद झाले, आणि १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्यांनीं आसन-प्राणायामाचे शरीरावरील परिणाम यंत्रांनीं मोजण्याचें काम चालविलें. तालमींतून निघालेली वाट अशी प्रयोगशाळेंत गेली.

घरीं करून पाहण्याजोगा प्रयोग सोपा आहे. सपाट वाटेनें चालतांना तीन पावलें श्वास घ्यावा, चार पावलें सोडावा. जमूं लागल्यावर लहानशी चढण घ्यावी. मुठी, जबडा आणि खांदे आवळले आहेत काय, हें मधून मधून तपासावें. जड वस्तु उचलतांना श्वास कोंडूं नये, कारण त्यायोगें रक्ताचा दाब एकाएकीं वाढतो. हृदयविकार असल्यास आधीं डॉक्टरांना विचारावें. चक्कर आल्यास थांबावें. येथें शर्यत कोणाशींच नाहीं.

एक कबुली देऊन पुरें करतों. अनेक वर्षें मीं मुलांना "छाती पुढें, पोट आंत, श्वास रोखा" अशा आज्ञा दिल्या, आणि भ्यालेल्या मुलाला भित्रा म्हटलें. त्यामुळें त्यांचें भय गेलें नाहीं. तें लपवावयास मात्र तीं शिकलीं. आपल्या घरांतलें मूल परीक्षेच्या आदल्या रात्रीं थरथरत असेल, तर त्याला "घाबरूं नकोस" म्हणूं नका. त्याच्याशेजारीं बसा, आणि दोघे मिळून एखादा पाढा सावकाश म्हणा.