सहलीत बाईलाही सुट्टी हवी

सुट्ट्या लागल्या की घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. कुठे जायचं ते मुलं ठरवतात, कधी जायचं ते ‘हे’ ठरवतात आणि बाकी सगळं आपण करतो! बॅगा भरायच्या, सासूबाईंच्या गोळ्या आठवणीनं घ्यायच्या, दशम्या-धपाटे करायचे, दूधवाल्याला नाही म्हणून सांगायचं, तुळशीला पाणी कोण घालणार ते बघायचं. गाडीत बसेपर्यंत कंबर मोडलेली असते. तिकडे गेल्यावरही ‘टॉवेल कुठंय?’ ‘माझा चार्जर घेतलास का?’ हे चालूच. परत आल्यावर धुण्याचा ढीग वेगळाच. आणि कुणी विचारलं, “काय मग, मजा आली का?” की आपण हसून ‘हो’ म्हणतो.

महिला मंडळाच्या कामामुळे माझं बऱ्याच घरी जाणं-येणं असतं. ‘सहलीपेक्षा आपलं घर बरं बाई’ हे वाक्य मी कितीदा तरी ऐकलंय. या बायकांना फिरायची आवड नसते असं मुळीच नाही. घरातलं सगळं काम त्यांच्याबरोबर गाडीत चढतं, त्याचा हा कंटाळा असतो. तेव्हा मैत्रिणींनो, सहलीची तयारी कामाच्या वाटणीपासून सुरू करा.

निघायच्या आठ दिवस आधी रात्रीच्या जेवणानंतर सगळ्यांना एकत्र बसवा आणि एका कागदावर कामं लिहा. तिकिटं आणि राहण्याची सोय एकाकडे, औषधं दुसऱ्याकडे, घर बंद करणं, गॅस-नळ-दिवे बघणं तिसऱ्याकडे. दहा वर्षांच्या पुढच्या प्रत्येकानं आपली बॅग आपण भरायची आणि आपणच उचलायची. एखाद्याचा टॉवेल राहिला तर राहू द्या. तिकडे पंचाने अंग पुसेल, पण पुढच्या वेळी विसरणार नाही!

आता उदाहरण म्हणून आमच्या भागातली नेहमीची सहल घेऊ. कोल्हापूरहून आंबा घाटातून रत्नागिरी आणि पुढे गणपतीपुळे. आमच्या मंडळाच्या बायकाही एस.टी.नं तिथे जाऊन आल्या आहेत.

पहिली गोष्ट, थोडं बघा पण निवांत बघा. दोन दिवसांत पावस, रत्नागिरी, गणपतीपुळे, मालवण असं सगळं कोंबलं तर बघितलेलं कमी आणि गाडीत बसलेलं जास्त होतं. दोन मुक्काम असतील तर गणपतीपुळ्यातच राहा. गणपतीच्या डोंगराला घालायची प्रदक्षिणा साधारण एक किलोमीटरची आहे, ती सकाळी उन्हाच्या आधी उरकावी. जवळच मालगुंड आहे, कवी केशवसुतांचं जन्मगाव. शाळेत त्यांच्या कविता पाठ केलेल्या आपल्या पिढीला तिथलं स्मारक बघताना बरं वाटतं. रत्नागिरीत ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा राजवाडा आणि लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान येता-जाता होऊ शकतं.

एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. त्यांचं ओळखपत्र मात्र बरोबर हवं. रेल्वेनं जाणार असाल तर आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते १२० दिवस आधी मिळायचं. पंचेचाळीस किंवा त्याहून जास्त वय असलेल्या बायकांना, शिल्लक असेल तर, खालचा बर्थ देण्याची सोय रेल्वेनं केलेली आहे. म्हणून फॉर्मवर वय बरोबर लिहा, त्यात लाजायचं काय! गाडीत काही अडचण आली, कुणी त्रास दिला, तर १३९ ला फोन करायचा. एरवी कुठेही संकट आलं तर ११२. हे दोन्ही नंबर पाठ असू द्या.

घाटात गाडी लागणं हा अनेकींच्या सहलीचा शत्रू. पुढच्या बाजूची सीट घ्या, मोबाईलमध्ये किंवा पुस्तकात डोकं घालू नका, नजर समोर रस्त्यावर ठेवा. पोट अगदी रिकामं नको आणि गच्च भरलेलंही नको. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, घाट लागायच्या अर्धा-एक तास आधी घ्या. मळमळायला लागल्यावर घेऊन तिचा फारसा उपयोग होत नाही. आलेपाकाच्या चार वड्या पर्समध्ये असल्या तरी आधार वाटतो.

आता जरा नाजूक विषय. प्रवासात लघवीला जावं लागू नये म्हणून आपण बायका पाणीच पीत नाही. सकाळी सहाला निघालेली बाई दुपारपर्यंत दोन घोटांवर असते. मग डोकं दुखतं, जळजळ होते आणि घरी आल्यावर डॉक्टरांकडे फेऱ्या सुरू होतात. असं करू नका. पाणी थोडं थोडं पीत राहा. ‘गाडी किती वेळ थांबणार?’ हे कंडक्टरला मोकळेपणानं विचारा, गाडीचा नंबर लक्षात ठेवा आणि दोघी-दोघींनी मिळून जा. एक आत, एक दाराशी. कागदी साबण, पाण्याची छोटी बाटली आणि जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे एका पिशवीत ठेवा. स्वतःची गाडी असेल तर गाडी कुठे थांबवायची ते आपणही सांगायचं. पुरुषांना चहाची तल्लफ आली की गाडी थांबते, तशी आपल्यासाठीही थांबली पाहिजे.

दुसरी गोष्ट पाळीची. देवदर्शन आहे म्हणून मैत्रिणीनं दिलेल्या किंवा दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी पाळी पुढे ढकलणाऱ्या कितीतरी जणी मला भेटतात. रक्तदाब, अर्धशिशी किंवा रक्तात गुठळी होण्याचा त्रास असेल त्यांना या गोळ्या धोक्याच्या ठरू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. त्यापेक्षा तारीख बघून सहल ठरवणं सोपं.

खाण्याचं म्हणाल तर डबा फक्त पहिल्या दिवसाचा. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, थोडा चिवडा, एवढं पुरे. मंडळाची सहल असेल तर प्रत्येकीनं एकच पदार्थ आणायचा. स्टोव्ह, डाळ-तांदूळ बरोबर नेणाऱ्या मंडळींना माझा हात जोडून नमस्कार! कोकणात घरगुती खानावळी आहेत. सकाळी फोन करून किती माणसं ते सांगितलं की दुपारी गरम भात, सोलकढी आणि आधी सांगून ठेवले असतील तर उकडीचे मोदकही मिळतात. चार पैसे जास्त जातील. पण वर्षभर सगळ्यांना वाढणाऱ्या बाईला दोन दिवस कुणीतरी आयतं वाढतं, त्याचं समाधान मोठं असतं.

खोली घेताना पैसे आधी देऊ नका. दाराची आतली कडी, बाथरूमची कडी, नळाचं पाणी आणि खिडक्या बघून घ्या. एका ठिकाणी आम्हाला बाथरूमला कडीच नसलेली खोली दाखवली होती. आम्ही सरळ दुसरी मागितली आणि मिळाली. विचारायला संकोच करायचा नाही.

पैसे आणि पत्ता हेही आपल्याजवळ हवेत. बहुतेक घरांत सगळी रोकड, तिकिटं आणि ओळखपत्रं यजमानांच्या खिशात असतात. गर्दीत चुकामूक झाली तर बाई काय करणार? आपल्या पर्समध्ये थोडे रोख पैसे, आपलं ओळखपत्र, उतरलेल्या ठिकाणाचं नाव-पत्ता आणि घरातल्या दोघांचे नंबर कागदावर लिहून ठेवा. मोबाईलची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही. सगळे पैसे एकाच ठिकाणी ठेवू नका.

आणि समुद्र! गणपतीपुळ्याचा समुद्र दिसायला देखणा, पण पोहायला धोक्याचा आहे. तिथे माणसं बुडण्याच्या दुर्घटना झालेल्या आहेत. पावलं भिजतील इतकंच पाण्यात जा. मुलांचा हात सोडू नका आणि स्थानिक माणूस ‘नको’ म्हणाला की त्याचं ऐका.

परत येताना शाळा-ऑफिसच्या आदल्या दिवशी सकाळीच घरी पोहोचाल असं बघा. त्या रात्री साधी खिचडी, तीही मुलांनी किंवा यजमानांनी टाकलेली. कपडे ज्याचे त्यानं भिजवायचे. हे आधीच कागदावर लिहिलेलं असेल तर वाद होत नाहीत.

खर्चासाठी दर महिन्याला दोनशे रुपये बाजूला टाकले तर वर्षात चोवीसशे जमतात. एस.टी.च्या निम्म्या तिकिटात जवळची सहल त्यात बसू शकते. घरच्यांना वेळ नसेल तर शेजारच्या चौघींना विचारा. पहिल्यांदा एका दिवसाचं जा, मग मुक्कामाचं. निघताना घरी मात्र सांगून ठेवा, ‘भाजी कशी करायची ते विचारायला फोन करू नका!’