डोळा बघतो, मेंदू ओळखतो



पांढऱ्या तांदळातला पांढरा खडा तुम्ही पटकन उचलता. कळपातली आपली शेळी पाठमोरी असली तरी ओळखता. हे काम एकट्या डोळ्याचं नाही. डोळा उजेड आत घेतो आणि खबर पाठवतो. ती पोचते मेंदूच्या मागच्या भागात, साधारण आपण अंबाडा बांधतो तिथे.

तिथे कामाची वाटणी असते. पापड करताना एक पीठ मळते, दुसरी लाट्या करते, तिसरी लाटते, तसंच. काही पेशी उभी रेघ दिसली की जाग्या होतात, काही आडवी, काही तिरकी. पुढच्या पेशी त्या रेघा जोडून कोपरे, गोलाई बनवतात. त्याच्याही पुढे अख्खा आकार तयार होतो आणि आठवणीशी ताडून बघितला जातो : हा तांब्या, ही आई. पापणी लवते न लवते तोवर सगळं उरकतं.

रेघा ओळखणाऱ्या या पेशी ह्यूबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी मांजरांवर प्रयोग करून शोधल्या. १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांना आणखी एक गोष्ट कळली. पिल्लाचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने बंद ठेवला, तर नंतर उघडूनही त्या डोळ्यानं त्याला नीट दिसत नाही. डोळा धड असतो, पण मेंदू शिकायचा राहून जातो.

माणसाच्या लेकरांचंही तसंच. दिल्लीत ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रिया होतात. ८ ते १७ वर्षांच्या अशा पाच मुलांची चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. पट्टी निघाल्यावर, हातानं चाचपलेली वस्तू त्यांना नुसती बघून ओळखता येईना. त्यातल्या काहींना थोड्याच दिवसांत ते जमू लागलं. म्हणजे उशिरा केलेल्या उपचारांचाही उपयोग होतो. पण बारीक नजर पूर्ण येण्यासाठी लहानपणीच उपचार हवेत.

म्हणून बाळाकडे नीट बघा. डोळ्याच्या बाहुलीत पांढरं दिसतं का? तीन महिन्यांचं झालं तरी ते तुमच्या चेहऱ्याकडे बघत नाही का? चार महिन्यांनंतरही डोळे तिरळे दिसतात का? एकच डोळा झाकला की रडतं आणि दुसरा झाकला तर काहीच नाही, असं होतं का? यातलं एक जरी दिसलं तरी लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. बाहुली पांढरी असेल तर एक दिवसही थांबू नका. मोतीबिंदू तान्ह्या बाळालाही असतो, आणि कधी त्याहून गंभीर आजारही निघतो.

तिरळेपणाला ‘लक्ष्मीचा डोळा’ म्हणून सोडू नका. डॉक्टरांनी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितली तर घाबरू नका. त्यामुळे मेंदू कमजोर डोळ्याकडून काम करून घ्यायला शिकतो. सांगतील तेवढेच तास लावा.

अंगणवाडीत आरोग्य पथक मुलांना मोफत तपासतं. तारीख अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना विचारा. पण वरचं लक्षण दिसलं असेल तर त्या तारखेची वाट बघू नका.