नेदरलँड्समध्ये पदव्युत्तर शिक्षण : अर्जाच्या आधी आणि अर्जाच्या नंतर

दहावी-बारावीच्या निकालानंतर आपल्या धर्मग्रामांत करिअर मार्गदर्शनाची शिबिरे भरतात. पदवीनंतर परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या युवक-युवतींना मात्र असे मार्गदर्शन क्वचितच लाभते व त्यांची गाठ थेट एजंटाच्या कार्यालयाशी पडते. कॅनडा, इंग्लंड व ऑस्ट्रेलिया ह्या परिचित नावांच्या जोडीला आता नेदरलँड्सचेही नाव कानी येऊ लागले आहे. तेथील विद्यापीठात मास्टर्स पदवीसाठी प्रवेश कसा मिळतो, ह्याची माहिती पालकांना व विद्यार्थ्यांना व्हावी म्हणून हा लेखप्रपंच. आमचे म्हणणे आरंभीच नमूद करतो. अर्ज भरणे हा ह्या वाटेवरील सर्वांत सोपा टप्पा असून तो विद्यार्थ्याला एजंटाविना, स्वतःच्या हाताने पूर्ण करता येतो. कस लागतो तो अर्जाच्या आधी अभ्यासक्रम निवडताना, आणि अर्जाच्या नंतर पैसा व कागदपत्रे उभी करताना.

आपण ज्याला सर्रास 'हॉलंड' म्हणतो ते वस्तुतः त्या देशाच्या बारा प्रांतांपैकी दोन प्रांतांचे नाव आहे. देशाचे नाव नेदरलँड्स. तेथील उच्च शिक्षणाचे दोन प्रवाह आहेत. पहिला संशोधन विद्यापीठांचा. लायडन (१५७५), ख्रोनिंगन (१६१४), उट्रेख्ट (१६३६) ही जुनी विद्यापीठे, तसेच डेल्फ्ट, आइंडहोवन व ट्वेंटे येथील तंत्रविद्यापीठे ह्या प्रवाहात मोडतात. दुसरा प्रवाह व्यवसायाभिमुख उच्च शिक्षणसंस्थांचा. डच भाषेत त्यांना 'होखेस्खोल' म्हणतात, पण परदेशी विद्यार्थ्यांसमोर त्या 'युनिव्हर्सिटी ऑफ अप्लाइड सायन्सेस' ह्या इंग्रजी नावाने येतात. दोन्ही प्रवाह प्रतिष्ठित आहेत, परंतु त्यांचा उद्देश निराळा आहे. ज्याला पुढे पीएच.डी. करावयाची आहे त्याने पहिल्या प्रवाहाचा विचार करावा. माहितीपत्रकावर 'युनिव्हर्सिटी' हा शब्द पाहून दोन्ही एकच समजणे महागात पडते.

मास्टर्सचा कालावधी विषयानुसार बदलतो. मानव्यविद्या, वाणिज्य व सामाजिक शास्त्रे ह्यांतील पुष्कळ अभ्यासक्रम एका वर्षाचे, म्हणजे ६० क्रेडिट्सचे असतात, तर अभियांत्रिकी व विज्ञान शाखांत बहुधा दोन वर्षे व १२० क्रेडिट्स लागतात. एका क्रेडिटमागे २८ तासांचा अभ्यास गृहीत धरलेला असतो. त्या हिशेबाने वर्षाला १,६८० तास होतात. एका वर्षात पदवी मिळते हे ऐकून पालक सुखावतात व खर्चाच्या दृष्टीने ते खरेही आहे. तथापि सप्टेंबरच्या आरंभी पोहोचलेल्या विद्यार्थ्यापुढे दोन महिन्यांच्या आतच पहिली परीक्षा उभी ठाकते. थंडी, परकी भूमी, स्वतः रांधून खाणे ह्या सर्वांशी जुळवून घ्यायला तेवढाच अवधी मिळतो.

अभ्यासक्रम निवडताना विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीकडे पाहण्यापूर्वी विषयांची यादी वाचावी, असा आमचा आग्रह आहे. प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमातील विषय, प्रत्येक विषयाचे क्रेडिट्स व प्रवेशाच्या अटी दिलेल्या असतात. शेती, अन्न व पर्यावरण ह्या विषयांसाठी वाखेनिंगन जगभर नावाजलेले आहे. वसईच्या वाडीत वाढलेल्या व कृषिशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलामुलींनी त्याकडे अवश्य पाहावे. समुद्राशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजलेल्या देशात जलव्यवस्थापन शिकायचे तर डेल्फ्ट आहे. नायमेखन येथील राडबाउड विद्यापीठाविषयी आपल्या वाचकांना विशेष जिज्ञासा असेल. १९२३ साली कॅथलिक विद्यापीठ म्हणून त्याची स्थापना झाली. संत टायटस ब्रांड्समा हे कार्मेलाइट धर्मगुरू तेथे प्राध्यापक व १९३२-३३ मध्ये कुलगुरू होते. १९४२ साली डाखाऊच्या छळछावणीत त्यांना मरण आले. १५ मे २०२२ रोजी ज्या सोहळ्यात त्यांना संतपद जाहीर झाले, त्याच सोहळ्यात आपले देवसहायम हेही संत झाले. मात्र २०२० साली डच बिशपांनी ह्या विद्यापीठाचे 'कॅथलिक' हे अभिधान काढून घेतले. विद्यापीठ उत्तमच आहे. पण तेथे अर्जदाराचा धर्म विचारात घेतला जात नाही, हे ध्यानी असावे.

प्रवेशाची पहिली कसोटी म्हणजे आधीची पदवी. आपल्याकडील चार वर्षांच्या अभियांत्रिकी पदवीला फारशी अडचण येत नाही. तीन वर्षांच्या बी.ए., बी.कॉम. व बी.एस्सी. पदव्यांचे मूल्यमापन मात्र प्रत्येक विद्यापीठ, किंबहुना प्रत्येक विभाग आपापल्या नियमांनी करतो. काही ठिकाणी ती पदवी पुरेशी मानली जात नाही; तेव्हा येथेच एम.ए. अथवा एम.एस्सी. पूर्ण करून जाणे शहाणपणाचे ठरते. पदवीचा विषय व मास्टर्सचा विषय ह्यांत नाते असावे लागते. वाणिज्य शाखेतून एकाएकी डेटा सायन्सकडे उडी घेणाऱ्याला 'तुझे गणित व संख्याशास्त्र किती झाले?' असा प्रश्न होणारच. शंका असल्यास विभागाच्या प्रवेश कार्यालयाला ई-मेल पाठवून विचारावे. इंग्रजीसाठी आयईएलटीएस परीक्षेत साधारणतः ६.५ गुण अपेक्षित असतात, काही ठिकाणी ७.

आता प्रत्यक्ष अर्ज. सप्टेंबरात सुरू होणाऱ्या वर्षासाठी बहुतेक विद्यापीठांचे अर्ज आदल्या ऑक्टोबरात खुले होतात. युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांची अंतिम तारीख आधीची असते, कुठे जानेवारीच्या मध्यास, कुठे एप्रिलच्या आरंभी. शिष्यवृत्तीची तारीख कित्येकदा त्याहूनही आधी येते. नोंदणी 'स्टुडिलिंक' ह्या राष्ट्रीय पोर्टलवर होते. त्यानंतर विद्यापीठ आपल्या स्वतःच्या पोर्टलवर कागदपत्रे मागवते. अनेक विद्यापीठे शंभर युरोंच्या आसपास शुल्क घेतात व ते परत मिळत नाही. म्हणून दहा ठिकाणी अर्ज टाकण्यापेक्षा नीट पारखलेली दोन-तीन ठिकाणे बरी. शेवटच्या वर्षाचा निकाल हाती नसतानाही अर्ज करता येतो. मिळतो तो सशर्त प्रवेश, आणि पदवी पूर्ण झाल्याचा पुरावा उन्हाळ्यात, फार तर ऑगस्टअखेर द्यावा लागतो. आपल्याकडील निकाल लांबतात व गुणतालिकेसाठी खेटे घालावे लागतात, हे गृहीत धरून विद्यापीठाकडे वेळीच अर्ज करावा.

गुणपत्रिकांसोबत दोन कागद निर्णायक ठरतात. एक म्हणजे उद्देशपत्र. हाच अभ्यासक्रम का, ह्याच विद्यापीठात का, आजवर काय केले व पुढे काय करावयाचे आहे, हे त्यात एक-दोन पानांत सांगायचे असते. एजंटाने दिलेला अथवा संगणकाकडून लिहून घेतलेला मजकूर शेकडो अर्जांत सारखाच असतो आणि वाचणाऱ्याला तो लगेच ओळखू येतो. दुसरा कागद शिफारसपत्र. अनेक युवक त्यासाठी आपल्या धर्मगुरूंकडे येतात. गायनवृंदात, युवा संघटनेत किंवा संडे स्कूलमध्ये केलेल्या सेवेविषयी आम्ही आनंदाने लिहून देतो, परंतु हे स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे की डच विद्यापीठाला हवे असते ते वर्गात शिकवलेल्या प्राध्यापकाचे पत्र. तुमचा प्रकल्प कसा होता, तुम्ही प्रश्न कसे हाताळता, हे तोच सांगू शकतो. तेव्हा अंतिम वर्षात निदान दोन अध्यापकांशी असा परिचय हवा की त्यांना तुमचे नाव आठवून पत्र लिहिता यावे. कित्येक विद्यापीठे त्या अध्यापकांशी परस्पर ई-मेलने संपर्क साधतात. त्यामुळे स्वतःच लिहून वर सही घेण्याची आपल्याकडील रूढ पद्धत तेथे चालेल असे समजू नये.

खर्चाचा विषय घरातील सर्वांनी एकत्र बसून बोलावा असा आहे. युरोपीय विद्यार्थ्यांना तेथे सरकारने ठरवलेली अल्प फी असते. २०२५-२६ साठी ती २,६०१ युरो होती. भारतीय विद्यार्थ्याला संस्थेने ठरवलेली फी भरावी लागते व ती मास्टर्ससाठी वर्षाला ढोबळमानाने १५ ते २५ हजार युरोंच्या घरात जाते. त्याखेरीज निर्वाहासाठी महिन्याला हजार युरोंहून अधिक रक्कम असल्याचा पुरावा तेथील इमिग्रेशन खाते मागते. १८ हजार फी व १२ हजार निर्वाह धरला, तर एका वर्षाचे ३० हजार युरो झाले. शंभर रुपयांना एक युरो ह्या भावाने ३० लाख रुपये. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला ह्याच्या दुप्पट. शिवाय पुष्कळ विद्यापीठे पहिल्या वर्षाची फी व निर्वाहाची रक्कम व्हिसाचा अर्ज करण्यापूर्वीच भरून घेतात; निर्वाहाचे पैसे विद्यार्थी तेथे पोहोचल्यावर त्याच्या खात्यात परत करतात.

शिष्यवृत्त्या आहेत, पण थोड्या. विद्यापीठांच्या गुणवत्ता शिष्यवृत्त्यांतील काही फीचा मोठा भाग उचलतात. संपूर्ण खर्च भागवणाऱ्या अगदी मोजक्याच. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक कर्जावरील व्याजात सवलत देणारी केंद्र सरकारची 'पढो परदेश' योजना २०२२ मध्ये बंद झाली. जुन्या पत्रकांत ती अद्याप दिसते, तिच्या भरवशावर राहू नये. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची मात्र चौकशी करावी. वडिलोपार्जित वाडी किंवा राहते घर तारण ठेवण्यापूर्वी, मुलाला परतल्यावर वा तेथे राहिल्यावर किती पगाराची नोकरी मिळेल व हप्ता किती येईल, हा हिशेब कागदावर मांडा. तो जमत नसेल तर आपल्याच देशातील चांगल्या संस्थेत एम.एस्सी. करण्यात कोणताही कमीपणा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रवेश व पैसे निश्चित झाल्यावर व्हिसाची वाट तुलनेने सरळ आहे. प्रवेश-व्हिसा व निवास परवाना ह्यांसाठी विद्यार्थ्याच्या वतीने विद्यापीठच अर्ज करते. अडखळायला होते ते जन्मदाखल्यापाशी. चार महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्याला तेथील नगरपालिकेत नोंद करावी लागते. त्याच वेळी नागरी क्रमांक मिळतो आणि त्याशिवाय पगार वा बरीचशी इतर कामे होत नाहीत. ह्या नोंदणीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा 'अपोस्टिल' शिक्का असलेला जन्मदाखला लागतो. बाप्तिस्म्याचा दाखला त्याला पर्याय होत नाही. दाखला नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचाच हवा. आपल्याकडे कित्येकांच्या बाप्तिस्मा नोंदवहीत एक नाव, ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर घरगुती नाव, पारपत्रावर आडनावाचे तिसरेच स्पेलिंग असते. काही दाखल्यांवर तर बाळाचे नावच नसते. ही दुरुस्ती आठवडाभरात होत नाही. प्रवेशाचा विचार मनात येताच पहिल्याच महिन्यात दाखला काढून पारपत्राशी ताडून पाहावा. केवळ मराठीत असलेल्या दाखल्याचे अधिकृत इंग्रजी भाषांतरही करून घ्यावे. तेथे पोहोचल्यावर भारतीय विद्यार्थ्यांना क्षयरोगाची तपासणीही करून घ्यावी लागते.

राहण्याच्या जागेची टंचाई ही तेथील आजची सर्वांत मोठी अडचण आहे. जागा नक्की झाली नसेल तर येऊ नका, असा इशारा खुद्द विद्यापीठांनीच अलीकडच्या वर्षांत दिला आहे. प्रवेशपत्र येताच विद्यापीठाच्या निवास विभागाकडे नाव नोंदवावे; थोडेफार शुल्क पडले तरी हरकत नाही. छायाचित्रे दाखवून अनामत रक्कम मागणारे व नंतर नाहीसे होणारे घरमालक तेथेही आहेत. न पाहिलेल्या खोलीसाठी अनोळखी खात्यात पैसे पाठवू नयेत. शहरापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या रेल्वे प्रवासावर जागा मिळाली तर ती घ्यावी. विरार-चर्चगेट करणाऱ्यांना त्याचे काय!

पालकांसाठी आणखी काही. तेथे गुण दहापैकी असतात. आठ म्हणजे फार चांगले. नऊ विरळा, दहा जवळपास नाहीच. मुलीने सात गुण कळवले तर नाराज होऊ नये. वर्षभरात किमान निम्मे क्रेडिट्स मिळवणे मात्र आवश्यक आहे. तसे न झाल्यास व त्यास सबळ कारण नसल्यास विद्यापीठाला इमिग्रेशन खात्याला कळवावे लागते व निवास परवाना जाऊ शकतो. विद्यार्थ्याला आठवड्याला १६ तास, अथवा जून ते ऑगस्ट ह्या महिन्यांत पूर्णवेळ काम करता येते. त्यासाठी मालकाला परवाना काढावा लागतो व विद्यार्थ्याला डच आरोग्य विमा घ्यावा लागतो. अशा कमाईतून किराणा निघेल, फी निघणार नाही.

पदवीनंतर तीन वर्षांच्या आत, नोकरी शोधण्यासाठी एक वर्षाचा स्वतंत्र निवास परवाना मागता येतो. त्या वर्षात कामाच्या तासांवर बंधन नसते. अभियांत्रिकी व संगणक क्षेत्रांत इंग्रजीवर निभावते. रुग्णालये, शाळा, समाजसेवा व लहान उद्योग ह्यांत डच भाषेवाचून दार उघडत नाही. म्हणून विद्यापीठातील डच भाषेच्या वर्गात पहिल्याच सत्रात नाव घालावे.