सुप्याची होळी आणि पुराव्याचा कायदा

सुपे हे गाव आज बारामती तालुक्यात मोडते. १८७५ साली ते भीमथडी तालुक्यात होते. त्या वर्षीच्या १२ मे रोजी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी या बाजारपेठेच्या गावी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. धान्य लुटले गेले, काही घरांना आगी लागल्या. त्या हिंसेचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु जमावाने सर्वांत आधी काय मागितले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्यांनी मागितले कागद: वह्या, खते, कर्जरोखे. हे हाती येताच त्यांची होळी करण्यात आली. पुढे हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले आणि इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून त्याची नोंद झाली. त्या दंग्यांचा रोख सावकाराच्या तिजोरीपेक्षा त्याच्या हातातील पुराव्यावर अधिक होता.

या प्रसंगाची आठवण आज होण्याचे कारण असे की, १ जुलै २०२४ पासून १८७२ चा पुराव्याचा कायदा जाऊन त्याच्या जागी ‘भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३’ अमलात आला आहे. नव्या कायद्याची चर्चा पुष्कळ झाली. ती बहुतेक फौजदारी खटल्यांपुरती. पोलिसांपुढील कबुली, मृत्युपूर्व जबानी, चित्रफिती यांवर लिहिले गेले. परंतु खेड्यातील माणसाच्या आयुष्याला ज्या नियमाचा स्पर्श सर्वांत अधिक वेळा होतो, तो दिवाणी बाजूचा आहे आणि नव्या कायद्यात तो जवळजवळ जशाच्या तसा उतरला आहे. जुन्या कायद्यातील कलमे ९१ व ९२ आता ९४ व ९५ झाली, एवढेच. त्यांचा आशय थोडक्यात असा: व्यवहाराच्या अटी एकदा लेखी दस्तात आल्या की, त्या अटी सिद्ध करण्यास तो दस्तच पाहिजे; आणि दस्ताला विरोधी असा तोंडी करार झाला होता, असे पक्षकारांना सांगू दिले जाणार नाही.

हा नियम अन्यायाचा आहे असे कोणी म्हणू नये. माणसाची स्मृती क्षीण होते, साक्षीदार फितूर होतात, आणि जमिनीचे भाव वाढले की विकणाऱ्याला जुना सौदा नकोसा होतो. दहा वर्षांपूर्वी नोंदवलेले खरेदीखत दोन शेजाऱ्यांच्या शपथेवर मोडता येऊ लागले, तर प्रामाणिकपणे पैसे मोजून जमीन घेणाऱ्या शिक्षकाला वा कारकुनाला रात्रीची झोप येणार नाही. लेखी पुराव्याला अग्रमान देण्यामागे हे शहाणपण आहे. प्रश्न उद्भवतो तो कागद लिहिणारा एक, त्याखाली अंगठा उठवणारा दुसरा आणि गरज मात्र त्या दुसऱ्याचीच, अशी स्थिती असते तेव्हा.

सुप्याच्या शेतकऱ्याची स्थिती नेमकी हीच होती. त्याची जमीन तारणाची वस्तू कशी झाली, याचे मूळ शेजारच्या इंदापूर तालुक्यात सापडते. प्रिंगलची जमाबंदी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास नव्या पद्धतीची मोजणी व आकारणी सुरू केली ती इंदापुरातच. पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरलेल्या या रयतवारी पद्धतीने शेतकऱ्याच्या कब्जाला निश्चित रूप दिले. निश्चित झालेली वस्तू गहाण टाकता येते, विकताही येते. त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याचे आयुष्य तीन वर्षांवर आणले. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता; परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाऊ लागला. रोख्यावर आकडा मोठा दिसे. प्रत्यक्ष हाती आलेली रक्कम कोठेच दिसत नसे. न्यायालयात रोखा हजर होई, ऋणको पुष्कळदा हजरच नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा होऊन जाई.

दंग्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि त्यातून १८७९ चा ‘दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा’ जन्मला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे चार जिल्हे प्रथम त्याच्या कक्षेत आले. या कायद्याकडे कर्जमाफीचा कायदा म्हणून पाहिले जाते. वस्तुतः तो मोठ्या अंशी पुराव्याचा कायदा होता. न्यायाधीशाने रोख्यावरील आकड्यावर न थांबता व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, दोन्ही बाजूंना विचारावे, हिशेब पुन्हा मांडावा, असे त्याने सांगितले. शेतकऱ्याने लिहून दिलेला दस्त ग्रामनिबंधकासमोर झालेला नसेल, तर तो पुराव्यात दाखलच करून घेऊ नये, असाही दंडक त्यात होता. फेडीची लेखी पावती मागण्याचा हक्क ऋणकोला मिळाला. ज्या कागदांची सुप्याला होळी झाली, त्यांना प्रश्न विचारण्याची सोय चार वर्षांनी कायद्याने केली.

तरीही एक मोठी फट उरली. कर्ज देताना गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घेतले तर काय? १८९९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला की, दिसण्यात खरेदी असलेला व्यवहार मुळात गहाणाचा होता, हे पक्षकारांच्या हेतूविषयीच्या तोंडी पुराव्याने दाखवता येणार नाही. कलम ९२ आड आले. या फटीवर उपाय म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी दख्खनच्या कायद्यात ‘१० अ’ हे कलम घालण्यात आले. शेतकरी पक्षकार असेल, तर पुराव्याच्या कायद्यात काहीही म्हटलेले असले तरी न्यायालयाने व्यवहाराचे खरे स्वरूप शोधावे, असा अधिकार त्याने दिला. पुढे कर्जनिवारणाचे नवे कायदे आले, दख्खनचा जुना कायदा रद्द झाला आणि त्याबरोबर हे कलमही गेले.

व्यवहाराची ती रीत मात्र गेली नाही. नीरा डाव्या कालव्याच्या आणि उजनीच्या पाण्यावर या दोन तालुक्यांत ऊस उभा राहिला, सहकारी साखर कारखाने आले, बँका आल्या. पण आडसाली उसाचे पैसे हाती पडायला दीड वर्षाच्या वर जाते, सुप्याचा परिसर आजही जिरायतच आहे, आणि मुलीचे लग्न वा दवाखान्याचा खर्च पतपुरवठ्याच्या नियमांत बसत नाही. अशा वेळी ज्याच्याकडे हात पसरावा, तो कर्जाचा कागद करीत नाही. तो दुय्यम निबंधकाच्या कचेरीत खरेदीखत करून घेतो. ‘पैसे परत केलेस की जमीन उलटून देऊ’ हे वचन तोंडी राहते किंवा वेगळ्या साध्या कागदावर लिहिले जाते. लोक याला ‘मुदत खरेदी’ म्हणतात. मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात १९२९ साली झालेली दुरुस्ती येथे घात करते: परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण म्हणून धरला जात नाही. वेगळ्या कागदावरील वचन फार तर फेरविक्रीचा करार ठरतो आणि त्याची मुदत टळली की हक्कही टळतो. दरम्यान सातबारावर नाव बदललेले असते.

मग अशा माणसापुढे वाट उरत नाही काय? उरते; पण ती अरुंद आहे. लबाडी, धाकदपटशा किंवा बेकायदेशीरपणा यांच्या योगे दस्त झाला असेल, तर तसा तोंडी पुरावा कलम ९५ च्या अपवादात आजही ग्राह्य आहे. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने एका घराच्या खरेदीखताच्या प्रकरणात आणखी एक महत्त्वाचा भेद केला. दस्तातील अटी बदलण्यासाठी तोंडी पुरावा चालणार नाही. परंतु तो दस्त अमलात आणण्याचा उभयतांचा हेतूच नव्हता, तो केवळ नावापुरता होता, हे दाखवण्यासाठी चालेल. सावकाराच्या वहीतील नोंद एकट्याने कोणावर देणे लादण्यास पुरेशी नाही, हा जुना नियमही नव्या कायद्याच्या कलम २८ मध्ये कायम आहे. शिवाय २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने जिल्हा निबंधकाला असा अधिकार दिला की, ठरावीक मुदतीतील खरेदीखत हे वस्तुतः कर्जाचे तारण आहे काय, याची चौकशी करून मालमत्ता परत देववावी. ‘१० अ’ कलमाचा आत्मा येथे नव्या देहात आला आहे.

आणि आता पुराव्याचे साधनही बदलले आहे. हप्त्याचा तगादा भ्रमणध्वनीवरच्या संदेशातून येतो, व्याजाचा आकडा बोलण्यात येतो. हा पुरावा कागदाइतकाच मोलाचा ठरू शकतो. मात्र त्यालाही शिस्त आहे. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून उद्भवलेल्या प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मूळ उपकरण हजर न करता त्यातील नोंदीची प्रत द्यायची, तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र सोबत हवेच. नव्या कायद्याच्या कलम ६३ ने तर पक्षकाराबरोबर तज्ज्ञाचेही प्रमाणपत्र मागितले आहे. ज्याला खरेदीखत वाचता आले नाही, त्याला हे प्रमाणपत्र कोण मिळवून देणार, हा प्रश्न गंभीर आहे. पुराव्याची साधने वाढली म्हणून दुबळ्या पक्षाचे बळ आपोआप वाढत नाही. १८५९ चा अनुभव हेच सांगतो.

यावर एकटे न्यायालय पुरे पडणार नाही. गावात वाचता-लिहिता येणारा जो वर्ग आहे, शिक्षक, कारकून, महाविद्यालयात जाणारी मुले, त्याच्याकडे या बाबतीत थोडे कर्तव्य येते. अंगठा वा सही होण्यापूर्वी दस्त मोठ्याने वाचून दाखवावा. परत देण्याची अट असेल, तर ती त्याच दस्तात लिहवून घ्यावी. पैशांची देवघेव बँकेतून करावी, पावती मागावी, संदेश असलेला भ्रमणध्वनी विकू वा पुसू नये. ही कामे लहान आहेत आणि ती वेळेवर झाली तरच उपयोगाची आहेत. बारामती-इंदापूरच्या न्यायालयात दस्त हजर झाल्यानंतर सांगितलेली खरी हकीकत पुष्कळदा कायद्याच्या उंबरठ्यावरच अडते. सुप्याच्या शेतकऱ्यांनी कागद जाळले, कारण ते कागद त्यांचे नव्हते. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांच्या हाती त्यांचे स्वतःचे कागद असले पाहिजेत.