साक्षीदाराच्या दारीं न्यायालय



दिवाणी दाव्यांत साक्षीदारानें न्यायालयांत यावें, पिंजऱ्यांत उभें राहावें आणि न्यायाधीशांच्या समक्ष बोलावें, हा सर्वसाधारण नियम. परंतु साक्षीदार अंथरुणास खिळला असेल, किंवा शेंकडों कोस दूर राहात असेल, तर काय करावें? अशा वेळीं न्यायालय आपल्या वतीनें एका मनुष्यास त्याच्याकडे धाडतें. त्यास कोर्ट कमिशनर म्हणतात. बहुधा तो एखादा वकील असतो. मी स्वतः वकील नव्हे. मॅट्रिक होऊन जन्मभर मुलें शिकविलीं, एवढीच माझी विद्या. पण नंदुरबार जिल्ह्यांत राहून ही गोष्ट मीं जवळून पाहिली आहे, म्हणून तिजविषयीं बोलण्याचें धाडस करतों.

या अधिकाराचें मूळ १९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ७५ मध्यें व तिच्या आदेश २६ मध्यें आहे. आजारी किंवा जर्जर साक्षीदार, रूढीप्रमाणें चारचौघांत न वावरणाऱ्या स्त्रिया, लवकरच परमुलखीं जाणारा मनुष्य, कामावरून हलविल्यास लोकांची गैरसोय होईल असा सरकारी नोकर, यांच्यासाठीं कमिशन निघूं शकतें. आजारासाठीं नोंदणीकृत डॉक्टरचा दाखला न्यायालय मान्य करूं शकतें. प्रत्येक वेळीं डॉक्टरलाच साक्षीस ओढावें लागत नाहीं.

आमचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून वेगळा झाला. उत्तरेस सातपुडा व नर्मदा. अक्राणीच्या डोंगरांतून एखाद्या वृद्धास खालीं आणणें म्हणजे काय, तें तेथल्या माणसांसच विचारावें. पश्चिमेस नवापूरचें रेल्वे स्थानक तर असें आहे कीं, त्याचा कांहीं भाग महाराष्ट्रांत व कांहीं गुजराथेंत. एकाच बांकावरचे दोन प्रवासी दोन राज्यांत बसलेले असूं शकतात! तथापि राज्याची सीमा ओलांडली म्हणजे साक्षीदार सुटला, असा समज कोणीं करून घेऊं नये. हद्दीबाहेरच्या साक्षीदाराचें ठिकाण १०० किलोमीटरांच्या आंत असेल, अथवा प्रवासाच्या सहा भागांपैकीं पांच भाग रेल्वेनें वा तशा नियमित वाहनानें होत असून अंतर ५०० किलोमीटरांहून कमी असेल, तर त्यास समक्ष बोलावतां येतें. ताप्तीकांठच्या रेल्वेनें सुरतेचा मनुष्य नंदुरबारला असाच येऊं शकतो.

कमिशन सातासमुद्रांपलीकडेही गेलेलें आहे. भवालच्या संन्याशाचा प्रसिद्ध दावा १९३० सालीं ढाक्यास दाखल झाला. कुमार खरोखर मेला कीं नाहीं, हाच त्यांतला वाद. आणि दार्जिलिंगला त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर कॅल्व्हर्ट यांची साक्ष लंडनमध्यें कमिशनवर घेण्यांत आली.

२००२ च्या जुलैपासून आणखी एक बदल झाला. साक्षीदाराची सरतपासणी आतां प्रतिज्ञापत्रावर होते, आणि उलटतपासणी न्यायाधीश स्वतः घेतात किंवा कमिशनरकडे सोंपवितात. साक्षीदार धडधाकट असला तरीही. न्यायालयाचा वेळ वांचावा हा हेतु. हेतु चांगला आहे. पण जो न्याय देणार तो बोलणाऱ्याचें तोंड पाहात नाहीं, ही उणीव मला लहान वाटत नाहीं. कमिशनरनें साक्षीदाराच्या वागणुकीविषयीं शेरा लिहावा, अशी सोय कायद्यानें केली आहे खरी. परंतु वकिलाच्या हरकतीवर निर्णय देण्याचा त्यास अधिकार नाहीं. ती टिपून ठेवावयाची, निकाल न्यायाधीशांनीं द्यावयाचा. उत्तर न देणाऱ्यास दंडही तो करूं शकत नाहीं. तो न्यायालयाची लेखणी आहे, न्यायालय नव्हे.

ही लेखणी किती जपावी लागते, तें मीं शहाद्याजवळच्या एका खेड्यांत पाहिलें. दावा शेताचा. शेजारच्या आजीबाई साक्षीदार; मांडीचें हाड मोडून ओसरींत खाटेवर पडलेल्या. कमिशनर आले, दोन्ही बाजूंचे वकील आले, आजींनीं शपथ घेतली. मरणाऱ्यानें शेत कोणास देण्याचें बोलून दाखविलें, असा प्रश्न. आजी अहिराणींत म्हणाल्या, ‘आंडेर’. कमिशनर परगांवचे, त्यांनीं कागदावर लिहिलें, ‘मुलगा’. अहिराणींत आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. लिहितांना फरक एका कान्याचा! मी दारांत बसलों होतों. पण मध्यें बोलण्याचा मला अधिकार नव्हता.

सुदैवानें मुलीच्या वकिलांनीं जबानी वाचून दाखविण्याचा आग्रह धरला. तें वाक्य येतांच आजींनीं हात वर केला. विरुद्ध वकिलांनीं हरकत घेतली, ती कमिशनरांनीं नोंदविली. आजींना प्रश्न पुन्हां विचारला आणि आंडेर हा मूळ शब्द, अर्थासह, कागदावर घातला. खालीं अंगठा उमटला. विरुद्ध पक्षानेंही तासभर उलटतपासणी केली. ती टाळून तो घरीं बसला असता तर काम त्याच्यावांचून चालूं शकलें असतें.

एरव्हीं अशी जबानी विरुद्ध पक्षाच्या संमतीवांचून पुराव्यांत सहसा वाचतां येत नाहीं. साक्षीदार मृत, असमर्थ किंवा हद्दीबाहेर असल्यास वाचतां येते, अथवा न्यायालय तशी सूट देऊं शकतें. आजीबाई दोन महिन्यांनीं वारल्या. न्यायाधीशांपुढें गेला तो त्यांचा कागदच. आंडेर हा शब्द त्यावर होता, आणि मुलगी न्यायालयांत मागच्या बांकावर बसून तो वाचला जातांना ऐकत होती.