दगडाच्या जमिनीतही सरळ गाजर



चाळीच्या मागच्या हातभर जागेत अळू येते, पपई येते, मिरची आणि कढीपत्ताही येतो. गाजर मात्र कोणी हौसेने लावले तर उपटताना हिरमोड होतो. एखादे दोन तंगड्यांचे, एखादे बोटभर, एखादे मुळ्यांनी केसाळलेले. मग शेजारीपाजारी म्हणतात, "बियाणेच हलके होते." आम्हाला हे पटत नाही. ज्या समाजाला शतकानुशतके "तुमचे बीजच हलके" असे ऐकवले गेले, त्याने तरी असा निवाडा घाईने मान्य करू नये. गाजर वाकडे आले तर आधी माती तपासावी.

मूळ कुठे अडते?

गाजराचे बी रुजले की पहिले काही आठवडे वर पाला थोडा दिसतो, पण खाली काम जोरात चालू असते. दोऱ्यासारखे बारीक मूळ सरळ खाली उतरत जाते. गाजराची लांबी याच दिवसांत ठरते, जाडी नंतर भरते. या काळात मुळाचे टोक दगडाला अडले किंवा मोडले, की बाजूची मुळे फुगतात आणि गाजराला फाटे फुटतात. चिकट माती वाळून घट्ट झाली तरी तेच होते. कच्चे शेण घातले तरीही फाटे फुटतात. रोप उपटून दुसरीकडे लावले तर टोक दुखावते, म्हणून गाजराचे बी जागच्या जागी पेरावे.

आता आपल्या मुंबईची जमीन पाहा. ही सात बेटे खाड्या बुजवून जोडलेली. कुठे खाली काळा पाषाण, कुठे खाडीचा चिकट गाळ, आणि वर पिढ्यान्‌पिढ्यांचा भराव. परळ, नायगाव, वरळीच्या चाळींच्या अंगणात पहार मारली की विटांचे तुकडे, फरशीचे तुकडे आणि मुरूमच वर येतो.

दगडाची जमीन आपल्याला नवी नाही. गावी अनेकांच्या वाडवडिलांच्या वाट्याला हाडकी-हाडोळ्याची तुटपुंजी वतनजमीन आली, तीही गावकीच्या राबणुकीच्या बदल्यात. त्या वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली सत्याग्रह झाले. परळच्या बी.आय.टी. चाळीत संसार केलेल्या बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेत परवडते की नाही हे नुसत्या आकारावर ठरत नाही, त्यात भांडवल, अवजारे आणि श्रम किती प्रमाणात पडतात यावर ठरते, असा त्यातील विचार. हातभर वाफ्यालाही हाच हिशेब लागू आहे.

पहारीचा उपाय

सगळे अंगण खणायची गरज नाही. पहार जमिनीत एक फूट ठोकावी आणि गोल फिरवून वर तीन इंच रुंद, खाली निमुळता खड्डा करावा. दोन खड्ड्यांत चार इंच अंतर ठेवावे. चाळलेली माती आणि पूर्ण कुजलेले खत सारख्या प्रमाणात मिसळून खड्डे भरावेत. प्रत्येकात तीन-चार बिया अर्धा इंच खोल टाकाव्यात. रोपे दोन इंच झाली की सशक्त एक ठेवून बाकीची कात्रीने कापावीत. उपटली तर शेजारचे मूळ हलते.

चिकट जमीन असेल तर विटा रचून नऊ-दहा इंच उंच वाफा करावा. चिकट मातीत थोडीशी वाळू घालून काम भागत नाही, उलट ती विटेसारखी घट्ट होते. कुजलेला पाला आणि कंपोस्ट घालावे. चौपाटीची खारी वाळू तर घालूच नये.

जुनी गिरणी, गॅरेज किंवा रंगकामाचा राडारोडा पडलेल्या जागी मात्र जमिनीत गाजर लावू नये. जुन्या रंगात शिसे असते आणि ते मुलांच्या मेंदूला घातक. तिथे डबाच बरा.

उंच इमारतीत गेलेल्यांसाठी

बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढल्यावर मिळालेले हे हक्काचे घर. पण अंगण खाली राहिले, म्हणून हात मातीपासून तुटू देऊ नयेत.

मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून कामगारांच्या उपाहारगृहातील ओल्या कचऱ्याचे खत करून भाज्या आणि फळझाडे वाढवली. आपल्यालाही ते जमेल. एक फूट खोल डबा किंवा रंगाऐवजी तेलाचा जुना कॅन घ्यावा, तळाला भोके पाडावीत. रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडे आणावीत, ती बारीक करून पूर्ण कुजवावीत आणि माती व खतात मिसळावीत. डबा हलका होतो आणि मुळाला वाट मिळते. ओल्या मातीचा वीस लिटरचा डबा पंचवीस-तीस किलो भरतो. म्हणून जुन्या गॅलरीच्या कठड्यावर किंवा टोकाला असे डबे रचू नयेत. खालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नये, डेंग्यूचे डास तिथेच होतात.

पेरणी आणि ताट

मुंबईत नोव्हेंबरचा पहिला आठवडा पेरणीला चांगला. आपल्याकडची उष्णता सोसायला पुसा मेघाली किंवा पुसा केसर बरी. माती उथळ असेल तर आखूड, जाड शांतने जात घ्यावी. बी उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात. तोवर वर ओले गोणपाट ठेवावे, कोंब दिसताच काढावे. दिवसाला सहा तास ऊन हवे. पाणी थोडे पण नेमाने द्यावे. माती सुकवून मग एकदम भिजवली तर गाजर तडकते. वर आलेले डोके मातीने झाकावे, नाहीतर हिरवे पडते.

तीन महिन्यांनी, म्हणजे ७ फेब्रुवारीच्या रमाई जयंतीच्या सुमारास गाजरे हाताशी येतात. त्यांतून शरीराला अ जीवनसत्त्व मिळते, रातांधळेपणा टाळायला ते लागते. ते अंगी लागायला थोडे तेल हवे. म्हणून कोशिंबिरीत शेंगदाण्याचे कूट आणि वर फोडणी, किंवा शिजवून भाजी.

पहार मुलांच्या हाती द्यावी. खड्ड्यातला दगड त्यांनीच काढावा आणि तीन महिन्यांनी गाजरही त्यांनीच उपटावे. शेजारीच एक गाजर मुद्दाम न खणलेल्या जागी लावून दोन्हींची तुलना करायला सांगावी. बी एकाच पुडीतले, मग फरक कशाने पडला, हे त्यांना विचारावे. उत्तर मुले स्वतःच शोधतील.