न घडलेलं अपहरण

एका वाचकांनी विचारलंय, "परग्रहवासीयांनी लहानपणी पळवून नेलं, जमिनीखालच्या तळावर ठेवलं, असं सांगणारी अमेरिकन माणसं खोटारडी म्हणायची की वेडी?" बहुतेक जण दोन्ही नसतात. पण त्यांच्याआधी झाँ पियाजे यांची हकिगत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मुलांची बुद्धी कशी उमलते याचा अभ्यास करण्यात हयात घालवलेले हे स्विस शास्त्रज्ञ. त्यांची सगळ्यांत जुनी आठवण दुसऱ्या वर्षातली. पॅरिसच्या शाँझेलिझेवरून दाई बाबागाडी ढकलत होती आणि एकाने बाळाला उचलायचा प्रयत्न केला. पट्टा बांधलेला म्हणून बाळ वाचलं. मध्ये पडलेल्या दाईच्या तोंडावर ओरखडे उठले, गर्दी जमली, पांढरा दंडुका घेतलेला पोलिस आला तसा तो माणूस पळाला. पियाजे पंधरा वर्षांचे असताना त्याच दाईचं पत्र आलं. ती मुक्तिफौज या ख्रिस्ती संघटनेत गेली होती आणि तिला जुनी पापं कबूल करायची होती. सगळा बनाव होता, ओरखडेसुद्धा! बक्षीस मिळालेलं घड्याळही तिला परत करायचं होतं. घरात ऐकलेल्या गोष्टीचं त्या पोराने डोळ्यांसमोर चित्र केलं होतं, आणि बनाव उघड झाल्यावरही पियाजेंना ते लख्ख दिसतच राहिलं.

आठवण पुन्हा काढली की तिच्यावर नवा थर चढतो. 2022 साली वणीच्या सप्तशृंगीवरचं शेंदराचं कवच उतरवलं तेव्हा मूळ मूर्तीचं रूप दिसलं. संमोहनाने आठवणीवरचा शेंदूर असाच उतरतो, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात संमोहनात आणखी एक हात फिरतो आणि माणसाची खात्री तेवढी वाढते. बड हॉपकिन्स हे अमेरिकेतल्या अपहरणकथांचे मोठे संग्राहक. त्यांचा पेशा चित्रकाराचा. संमोहनातून ते लोकांना थेट बालपणापर्यंत नेत, आणि अपहरणं लहानपणापासूनच सुरू होतात असा सिद्धान्त मांडत. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर आधी ठाऊक असेल, तर दुसरं काय निघणार?

जमिनीखालच्या तळाची कथाही अशाच एका बैठकीशी जोडलेली आहे. 1980 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या एका बाईंना मुलासोबत गाडीने जाताना आकाशात दिवे दिसले. वायोमिंग विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ लिओ स्प्रिंकल यांनी त्यांना संमोहित केलं, तेव्हा त्या भूमिगत तळाबद्दल बोलू लागल्या. अल्बुकर्कीत हवाई दलाच्या तळाशेजारी राहणारे उद्योजक पॉल बेनेविट्झ यांनी हे ऐकलं. ते आधीच तिथल्या रेडिओ संकेतांचा माग काढत होते. डल्से गावाजवळच्या डोंगरात तळ आहे, हे त्यांच्या मनाने घेतलं. मला खरा राग येतो तो पुढच्या भागाचा. "तुमचा गैरसमज झालाय" असं सांगायचं सोडून हवाई दलाच्या तपास विभागाच्या माणसांनी त्यांना खोटी माहिती पुरवली. आपल्या गुप्त कामांवरची त्यांची नजर दुसरीकडे वळली, एवढं हवाई दलाला पुरे होतं. बेनेविट्झ मात्र खचत गेले आणि शेवटी त्यांना रुग्णालयात ठेवावं लागलं.

"पण ती माणसं सांगताना थरथरतात हो!" असंही वाचक लिहितात. थरथरतातच. हार्वर्डच्या रिचर्ड मॅकनॅली यांनी अशा लोकांना त्यांच्याच अपहरणाची कहाणी ऐकवली तेव्हा युद्धाच्या आघातातून गेलेल्या सैनिकांसारखीच त्यांची छाती धडधडली, तळहातांना घाम सुटला. यातल्या बऱ्याच जणांची कथा एखाद्या रात्री सुरू झाली होती. जाग आली, पण अंग हलेना, खोलीत कुणीतरी उभं. झोपेतला स्नायूंचा लुळेपणा जाग आल्यावरही काही क्षण टिकला की असं होतं. आपल्याकडे छातीवर भूत बसलं म्हणतात.

1989 मध्ये लास व्हेगासच्या उडत्या तबकड्यांच्या परिषदेत विल्यम मूर या संशोधकाने भर व्यासपीठावरून सांगितलं, की बेनेविट्झ यांच्याबाबतच्या त्या खेळात आपणही सामील होतो. सभागृहातले काही जण त्याच्यावरच भडकले. डल्सेच्या तळाला भक्तांनी पुढे सात मजले बहाल केले.